पिठाच्या कोठीतलं एक मिनिट

१२ फेब्रुवारी

दादा,

पाकीट बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोन तू उचलत नाहीस, निरोप ठेवला तर ढिम्म, म्हणून हा जुना उपाय. आधीची दोन पत्रं परत आली नाहीत, म्हणजे तिकडे कुणीतरी ती घेतं. तूच घेत असशील आणि न वाचता फेकत असशील, तर खुशाल फेक. पण एवढी एक ओळ वाच आणि मग फेक: मी आपल्या गावात आले आहे.

हौस म्हणून नाही, कामासाठी. आमच्या दिग्दर्शिका, ज्यांना सगळं युनिट नुसतं 'बाई' म्हणतं, त्या युद्धानंतर गायब झालेल्या माणसांवर सिनेमे काढतात. खरोखरच्या माणसांचे, नट-नट्यांचे नाहीत. दोन झाले, हा तिसरा. तिन्हींचा आवाज मी घेते. आधीच्या दोन्हींत शेवटी कुणीतरी खड्ड्याकाठी उभं राहून आभाळाकडे बघतं आणि मागे व्हायोलिन वाजतं. मी बाईंना सांगून टाकलंय, या खेपेला व्हायोलिन ऐकू आलं तर मी माझा माइक उचलून घरी जाईन.

गाव बाईंनी निवडलं. मी निवडलं नाही, आणि ते माझं गाव आहे हे सांगितलंही नाही. म्हटलं, बघू किती दिवस निभावतं ते. एक दिवससुद्धा निभावलं नाही. चौकातला न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला आणि सगळ्या युनिटसमोर मला म्हणाला, "तू वायरमनची धाकटी ना गं? त्या पळालेल्याची?" आमचा कॅमेरामन, तो ताडमाड आहे म्हणून त्याला बांबू म्हणतात, तो बिचारा ट्रायपॉडकडे बघत राहिला. बाईंनी मात्र माझ्याकडे बघितलं. त्या संध्याकाळी मला सगळं सांगावं लागलं.

सगळं म्हणजे काय डोंबल, मला माहीत आहे तेवढं. शत्रूचं सैन्य शाळेत राहत होतं तेव्हा त्यांचा जनरेटर बाबांना चालवायला लावला होता. सैन्य निघून गेलं त्या सकाळी बाबाही मागे राहिलेल्या त्यांच्या शेवटच्या ट्रकवर चढून गेले. बायको आणि दोन पोरं टाकून. पाववाल्या काकांनी डोळ्यांनी बघितलं. तू तेव्हा दहा वर्षांचा होतास, तुला हे माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. मी तीनची. मला तो ट्रकही आठवत नाही आणि बाबाही नाहीत. आयुष्यभर जगाचे आवाज टिपत हिंडते, आणि माझ्या बापाचा आवाज कसा होता ते मला कुणी विचारू नये.

आई बरी आहे. गुडघे गेले, जीभ शाबूत आहे. युनिटला जेवायला बोलावलं आणि बांबूला तीनदा विचारलं, तुझं लग्न का नाही झालं. बाबांबद्दल बाईंनी विचारलं तर म्हणाली, "येतील." इतक्या वर्षांनी! सरकारी माणूस दोनदा येऊन गेला होता, नवरा मृत आहे म्हणून सही करा, पेन्शन चालू होईल. तिने त्याला चहा दिला आणि म्हणाली, "मेला असता तर कुणीतरी सांगायला आलं असतं."

तुझं नाव ती काढत नाही. तू जाताना उंबऱ्यावर जे बोललास, तो माणूस माझा बाप नाही आणि त्याची वाट बघत बसणारी बाई माझी कुणी नाही, ते तिला शब्दन् शब्द पाठ आहे. मलाही आहे. मला अजून राग येतो तुझा. तरीही लिहिते, कारण दुसरं कोण आहे ज्याला हे लिहू?

तुझी,
भोंगा

(हे नाव तू ठेवलंस, आता भोग.)


१७ फेब्रुवारी

दादा,

आज जे झालं ते क्रमाने सांगते, नाहीतर माझाच गोंधळ होईल.

पाववाल्या काकांची मुलाखत होती. काकांशिवाय या गावात मुलाखतींना अर्थच नव्हता, बाबांना जाताना बघणारे तेच. आणि आपल्यासाठी काका काय होते ते तुला सांगायला नको. मला सायकल त्यांनी शिकवली. कॉलेजच्या अर्जावर पालक म्हणून सही त्यांची. आज इतकी वर्षं रोज सकाळी आईच्या दाराशी पाव येतो, कधी एक दिवस चुकला नाही. मला बघून त्यांचे डोळे भरले, म्हणाले, "केवढी मोठी झालीस गं, आणि हे कानाला काय लावलंयस घोड्यासारखं?"

त्यांना दुकानात गल्ल्यावर बसून बोलायचं होतं. बांबूला तिथला उजेड आवडला नाही. तो सगळी बेकरी धुंडाळून आला आणि म्हणाला, मागे पिठाची कोठी आहे, तिथे वरच्या झरोक्यातून काय सुंदर उजेड पडतो. काका म्हणाले, तिथे नको, घाण आहे. बांबू म्हणाला, घाणच पाहिजे. काका म्हणाले, पोती हलवावी लागतील, बांबूने पोती हलवली. शेवटी बाईंनी गोड बोलून त्यांना तिथल्या खुर्चीवर बसवलं.

काका बोलले. ट्रकवर हिरवी ताडपत्री होती, बाबांच्या खांद्याला हत्यारांची पिशवी होती, "आणि एकदा मागे वळूनसुद्धा बघितलं नाही त्याने." लहानपणापासून ऐकलेलं, शब्दही तेच. मी हेडफोनमधून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, झालं, आता उठूया.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट तुला सांगायला हवी. मुलाखत संपली की आम्ही त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करतो. हसू नकोस. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, कुठे पंखा, कुठे नळ, कुठे नुसत्या भिंती. पुढे वाक्यं कापताना मधल्या फटी भरायला ती लागते. म्हणून सगळ्यांनी एक मिनिट जागच्या जागी उभं राहायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही. एकमेकांकडे बघितलं की हसू फुटतं, म्हणून आम्ही माना खाली घालतो. एरवी मी समोरच्या माणसाला हे नीट समजावून सांगते. आज मागच्या गल्लीत पावाची गाडी निघायची होती, तिचं इंजिन सुरू व्हायच्या आत मला उरकायचं होतं. मी नुसतं म्हणाले, "आता एक मिनिट सगळे शांत उभे राहूया," आणि हात वर केला.

बाईंनी मान खाली घातली. बांबूने घातली. मी घातली.

काका खुर्चीतून उठले. मला वाटलं, जातात की काय. पण त्यांनी टोपी काढली, छातीशी धरली आणि तेही मान खाली घालून उभे राहिले. माझ्या कानात त्यांचा श्वास येत होता. आधी साधा, मग तुटक, मग मोठा. मी हात खाली केला तरी ते तसेच उभे. मग म्हणाले, "तुम्हाला कधी कळलं?"

बाई हुशार आहेत, त्यांनी मान वर केली नाही.

"ही खोली मागितलीत तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पोरी, तू तरी आधी सांगायचंस." आणि खाली फरशीकडे बघून म्हणाले, "त्याच्यासाठी आजवर कुणी उभं राहिलं नव्हतं. मी एकटाच."

टोपी घातली आणि दुकानात निघून गेले. गिऱ्हाईक ताटकळलं होतं.

दादा, त्यांना वाटलं आम्ही श्रद्धांजली वाहतोय. माणूस मेला की आपण असं उभं राहतो. ट्रकवर बसून निघून गेलेल्या माणसासाठी कुणी टोपी काढत नाही. मी कुठे उभी होते ते मला आता कळतंय आणि पायाचे तळवे गार पडलेत.

भोंगा


२१ फेब्रुवारी

दादा,

बेकरीच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. मला एकटीला जायचं होतं, बाई म्हणाल्या काकांना विचारूया. काका म्हणाले, "सगळे या. ते मशीनही आणा. एकदाच बोलेन, परत नाही जमायचं मला." मग त्याच कोठीत, त्याच खुर्चीवर.

बाबा ट्रकवर चढले नाहीत. सैन्य पहाटे गेलं आणि सकाळी गावात पेढे वाटावेत तसा आरडाओरडा, लोक नाचत होते. आणि नाचता नाचता कुणाला तरी आठवलं की शाळेत रात्री दिवे लागत होते, त्या दिव्यांखाली आपली माणसं आत नेली जात होती, आणि ते दिवे लावत कोण होतं? चार जण बेकरीत जमले. एक काका. बाकीचे तिघे आता हयात नाहीत, मी त्यांची नावं लिहीत नाही, त्यांची नातवंडं आपल्याच गल्लीत राहतात. बाबा बेकरीत आले. कोठीत गेले. काका म्हणाले, "मी हात लावला नाही त्याला. मी फक्त शटर ओढलं."

"मग ओरडला असेल तो," बाई म्हणाल्या.

"माझं नाव घेऊन," काका म्हणाले. "मी भट्टीचा पंखा चालू केला. आवाज मोठा होता त्याचा."

मी हेडफोन लावून बसले होते. काकांचा आवाज बसत चालला तसा मी वाढवत गेले, नाक ओढलं तिथे कमी केला. तुला सांगते, आवाज फाटला की मशीनवरची पट्टी लाल होते, ती एकदासुद्धा झाली नाही. इतकं नीट काम मी कधीच केलं नसेल. शेवटी उठून बाहेर गेले आणि गटाराकाठी बसून ओकले. बांबूने पाणी आणून दिलं आणि बाजूला बसला. बरं वाटलं.

बाबा कोठीत गेले त्याच दिवशी संध्याकाळी वर फरशी बसवायला काकांनी स्वतः सिमेंट कालवलं. रात्री आपल्याकडे येऊन आईला ट्रकची गोष्ट सांगितली. आणि दुसऱ्या दिवसापासून पाव.

मी तो पाव खाऊन वाढले रे. तूही.

काका आणखी एक गोष्ट म्हणाले. ती मी आज लिहीत नाही. तिचं काय करायचं ते मला कळत नाहीये.

भोंगा


९ मार्च

दादा,

परवा कोठीची फरशी उकरली. शहरातून एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्यांचं कामच हे, हाडं ओळखण्याचं. लहान ब्रश घेऊन, मांडी घालून, बाळाची मान पुसावी तशी माती काढत होत्या. आधी पक्कड दिसली. लाल रबराची मूठ अजून लाल होती. मग बाबा.

माझी लाळ घेऊन गेल्यात, कागद यायचा आहे. मला कागदाची गरज नाही. आईने पक्कड बघितली आणि सांगितलं, मूठ मीच गुंडाळली होती, त्यांना शॉक बसायचा म्हणून.

गाव दोन भागांत उभं राहिलंय. कुणी घरी येऊन हात धरून बसतं, कुणी आमच्या गाडीची काच फोडतं. न्हावी माझ्या नजरेला नजर देत नाही. एक म्हातारी मला रस्त्यात अडवून म्हणाली, "काय मिळालं उकरून? तो म्हातारा उद्या मरणारच होता की." काकांना पोलिसांनी नेलं होतं, वय बघून घरी पाठवलं, चौकशी चालू आहे. बेकरी बंद आहे. माझी जीभ अजून त्यांना काका म्हणते, तिला दुसरा शब्द सापडत नाही.

पण मला आईचं सांगायचंय. तिला आधी सांगायचं कसं, हा घोर मला पडला होता. बाई म्हणाल्या कॅमेरा नको. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले, ती भाजी निवडत होती, आणि मी सांगून टाकलं. सगळं. म्हणजे एक सोडून सगळं. ती निवडत राहिली. संपली भाजी. मग म्हणाली, "म्हणजे सोडून नव्हते गेले."

"नाही गं आई."

"आपल्याला सोडून नव्हते गेले ते."

आणि हसली, दादा. मी तिला इतक्या वर्षांत असं हसताना बघितलं नव्हतं. उठली, भिंतीला धरून धरून, चांगलं लुगडं नेसली, केस विंचरले आणि म्हणाली, चल. गल्लीत पहिलं दार शिंपिणीचं. आईने कडी वाजवली आणि म्हणाली, "माझा नवरा मेला." मग किराणावाला. मग औषधांचं दुकान, तिथे तर रांग होती, तिने रांगेला सांगितलं. "माझा नवरा मेला. पळाला नव्हता. इथेच होता." लोकांना कळेना, सांत्वन करावं की काय करावं. कारण तिचा चेहरा असा होता की पोरगा पहिला आल्याचं सांगत फिरतेय. न्हाव्याच्या दुकानासमोर ती मुद्दाम मोठ्याने बोलली. मी तिच्या मागे मागे, रडत, नाक पुसत. भोंगाच वाजत होता म्हण ना.

घरी येऊन मग ती रडली. दोन दिवस रडली. रडून झाल्यावर तिने मला एक प्रश्न विचारला.

म्हणाली, "त्या दिवशी मी त्यांना बाहेर पडू नका म्हणून शपथ घातली होती. लोक पिसाळलेत, दोन दिवस घरात बसा म्हटलं होतं. तुला ताप होता म्हणून मी तुला घेऊन दवाखान्यात गेले, तेवढ्यात हे झालं. शब्द मोडणारा माणूस नव्हता तो. मग बेकरीत गेलेच कसे? बोलावलं कुणी?"

मी म्हटलं, माहीत नाही.

ती रोज विचारते. सकाळी विचारते, जेवताना विचारते. बोलावलं कुणी? मी रोज खोटं बोलते आणि ती रोज माझ्या तोंडाकडे बघते.

बाबांना इथल्याच मातीत पुन्हा ठेवायचं आहे, या वेळी उघड्यावर, दगडावर नाव घालून. आई म्हणते, पोरगा येईपर्यंत थांबायचं. 'पोरगा' म्हणाली. इतक्या वर्षांनी.

ये ना रे.

भोंगा


२ एप्रिल

दादा,

कागद आला. बाबाच आहेत.

तुझं काहीच नाही. रोज टपालवाल्याची वाट बघते, आता तो मला लांबूनच हात हलवून नाही म्हणतो.

हे पत्र मी चार वेळा फाडलं. पाचव्यांदा लिहितेय, यापुढे फाडणार नाही. मला वाटत होतं तू यावंस, मग समोर बसून सांगावं. पण तू येत नाहीस, आणि सिनेमा जोडायला बसलोय आम्ही. तू तो तिकडच्या कुठल्या तरी थिएटरच्या अंधारात बसून ऐकावास, परक्या लोकांच्या मध्ये, हे मला सहन होणार नाही. त्यापेक्षा माझ्याकडून ऐक.

काकांनी त्या दिवशी शेवटी जे सांगितलं ते हे. बाबा घराबाहेर पडणार नाहीत हे चौघांनाही माहीत होतं. घरात घुसायचं तर आजूबाजूला बायका-पोरं. मग काकांना एक युक्ती सुचली. तू बेकरीबाहेर खेळत होतास. काकांनी तुला आत बोलावलं आणि सांगितलं, "बाबांना सांग, भट्टीच्या खोलीतला दिवा गेलाय, काकांनी बोलावलंय." मित्राची बेकरी अंधारात आहे म्हटल्यावर बाबा पिशवी घेऊन निघणार, हे काका ओळखून होते. आणि ते निघाले.

तू निरोप घेऊन गेलास. बस. एवढंच.

तू दहा वर्षांचा होतास, दादा. मोठ्या माणसाने सांगितलं, जा बोलावून आण, पोरगा गेला. मीही गेले असते. जगातलं कुठलंही पोर गेलं असतं. यात तुझं काही नाही, कणभरही नाही, आणि जो कुणी आहे असं म्हणेल त्याचं थोबाड मी फोडेन. तुला हे आठवत नसेल कदाचित. आठवत नसलं तर फार बरं, आणि मी ते आठवून दिलं म्हणून मला वाटेल तेवढ्या शिव्या दे.

बाई म्हणतात, ते वाक्य सिनेमाचा जीव आहे. "पोराला पाठवलं बोलवायला," असं काका म्हणतात. मी बाईंशी कडाकडा भांडले. म्हटलं, तुमच्या सिनेमाचा जीव वाचवायला माझ्या भावाचा घ्यायचा का? बांबूसुद्धा मध्ये पडला. शेवटी बाई म्हणाल्या, "तुझ्या भावाला विचार. तो नको म्हणाला तर मी ते काढते, मग सिनेमा लंगडा झाला तरी चालेल." शब्दाच्या पक्क्या आहेत त्या.

म्हणजे आता तुझं उत्तर हवं. ठेवायचं की काढायचं. आणि आईला काय सांगू? तिला उत्तर मिळालं नाही तर ती ते विचारत विचारतच जाईल एक दिवस. मिळालं तर तिच्या मनात तुझ्याबद्दल काय येईल ते मला माहीत नाही. मला भीती वाटते.

एक गोष्ट कबूल करते, कुणाला सांगू नकोस, वेड लागलंय म्हणतील. त्या कोठीतलं ते मिनिट माझ्याकडे आहे. झोपताना ते मी हेडफोनवर लावते. काकांचा श्वास सुरू व्हायच्या आधी थोडा वेळ नुसती खोली आहे. आमचे तिघांचे पाय फरशीवर आणि खाली बाबा. माझ्या समजत्या वयात मी बाबांजवळ नुसती उभी अशी तेवढाच वेळ होते. मी कान देऊन ऐकते. काही ऐकू येत नाही, अर्थातच. तरी मी ते बंद करत नाही.

लिही. एक ओळ लिही.

तुझी,
भोंगा


१९ एप्रिल

भोंगा,

तुझी सगळी पत्रं वाचली. आधीची दोनही. एकही फेकलं नाही.

तू इतकं चाचरत जे सांगितलंस ते मला आठवतं. विसरलो असतो तर उंबऱ्यावर उभं राहून तसं बोललो नसतो. ट्रकची गोष्ट काकांनी ज्या रात्री सांगितली, त्याच रात्री ती मी घट्ट धरली. बाप पळाला म्हटलं की त्याचा राग करत जगता येत होतं. आई मात्र म्हणायची येतील, येतील. तिच्यासमोर बसून मला जेवण जाईना. म्हणून गेलो. ती माझी कुणी नाही हे खोटं होतं, तेवढं तिला माझ्या आधी सांगितलंस तरी चालेल.

काकांनी सांगितलं ते खरं आहे. पण त्यांना सगळं माहीत नाही, म्हणून ते तुझ्या टेपवरही नाही.

मी निरोप दिला तेव्हा बाबा आले नाहीत. म्हणाले, "काकाला सांग उद्या येतो. आईला शब्द दिलाय." मी निघालो. काकांनी मला कबूल केलं होतं, बाबांना घेऊन आलास तर भट्टीतला पहिला पाव तुझा. मी अर्ध्या वाटेतून परत फिरलो. घरात येऊन त्यांना म्हणालो, "शाळेतली मुलं म्हणतात तुम्ही घाबरट आहात. खरंय का?" ते माझ्याकडे बघत राहिले, मग हसले आणि त्यांनी चप्पल घातली. वाटभर माझा हात धरला होता. बेकरीच्या दारात सोडला. शटर खाली यायच्या आधी काकांनी माझ्या हातात पाव दिला. गरम होता. मी तो तिथेच पायरीवर बसून खाल्ला. आतला पंखा सुरू झाला तेव्हाही मी खात होतो.

तुला त्यांचा आवाज आठवत नाही म्हणतेस. जाड होता, आणि हसताना मध्येच बारीक व्हायचा. आल्यावर काढून दाखवीन, मला जमतो.

सिनेमातून काही काढू नका. बाईंना सांग एक खुर्ची मांडून ठेवा, उरलेलं मी बोलतो.

तिकीट काढलंय. स्टेशनवर येऊ नकोस, मी चालत येईन. आईने विचारलं तर तोवर माहीत नाही असंच म्हण. तिला मला सांगायचंय. बोलवायला मी गेलो होतो. दोनदा.

दादा